होमगार्ड : अधिकार आणि भत्ता

सोबतच्या मजकुरात मराठवाड्यातील ‘कुरुंदा ठाण्याचे होमगार्ड’ असा उल्लेख आहे. तो पगारी पोलिसांचा नव्हे. गणेशोत्सव किंवा निवडणूक आली की या स्वयंसेवकांना बंदोबस्तावर बोलावले जाते. एरवी कोणी शेतात, कोणी दुकानात.

हे दल मुंबई प्रांतात डिसेंबर 1946 मध्ये उभे राहिले. पाठोपाठ 1947 चा कायदा आला, तेव्हा कुरुंदा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे त्याच्या कक्षेबाहेर होते. या कायद्याने बोलावणीच्या काळात होमगार्डला पोलिसासारखे अधिकार आणि संरक्षण दिले. पगार व निवृत्तिवेतनाचा मामला मात्र वेगळाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 2015 रोजी, हिमाचल प्रदेशातील होमगार्डांच्या प्रकरणात, कायम नेमणुकीची मागणी नाकारली. पण तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरावा, असे बजावले. महाराष्ट्रात दिवसाचा भत्ता 570 रुपयांवरून 1083 वर गेला तो थेट 2024 मध्ये. साडेनऊ वर्षांची ही वाट सरकारी चालीलाही जरा लांबच.

प्रादेशिक सेनेचे तसे नाही. तीही अर्धवेळच, पण सेवेत बोलावलेल्या जवानाला नियमित सैनिकाप्रमाणे वेतन मिळते. तिच्या पर्यावरण बटालियनमधील पानी राम यांचा पाय रजेच्या काळातील अपघातात गेला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन देण्याचा आदेश दिला. मिरवणुकीच्या बंदोबस्तात जखमी होणाऱ्या होमगार्डला मात्र या निकालाचा आधार घेता येत नाही, कारण तो सेनेच्या कायद्याखाली येत नाही. — संपादक