पांजरपोळातून घराकडे

इतिहासाच्या अध्यापकाने बोलावे ते राजांविषयी, तहांविषयी आणि लढायांविषयी, अशी एक समजूत आहे. वर्गात मीही बहुधा तेच करतो. आज मात्र मी तुमच्यापुढे एक निराळा विषय मांडणार आहे. घर नसलेल्या मुक्या जनावरांना माणसाने आसरा कसकसा दिला, आणि त्या आसऱ्यातून त्यांना पुन्हा एखाद्या घरात नेऊन बसवावे ही कल्पना कोठून आली, हा तो विषय. तो सुचण्याचे कारण आमच्या ओसरीवर गोणपाट टाकून निजलेले आहे. तिचे नाव बुंदी. वर्ध्याजवळच्या एका प्राण्यांच्या आश्रयस्थानातून आम्ही ही गावठी कुत्री घरी आणली, त्याला आता दीड वर्ष होईल. बुंदीकडे मी पुन्हा येईनच. आधी थोडे मागे जाऊ.

आपल्या विदर्भात मुक्या जिवांची दखल फार जुन्या काळी घेतलेली दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या एका शिलेवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. प्राणी पकडू नयेत, मारू नयेत, अशा अर्थाची आज्ञा त्यात असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले आणि तो लेख अशोकाच्या काळापर्यंत मागे नेला. पुढे त्याच शिलेवर वाकाटक राजा रुद्रसेन याच्या काळी दुसरा लेख कोरला गेला. त्यामुळे जुनी अक्षरे पुष्कळशी पुसट झाली, परंतु ती पार नाहीशी झाली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मला तिचा उपयोग होणार आहे.

दुसरे उदाहरण तेराव्या शतकातले. चक्रधरस्वामींच्या ‘लीळाचरित्रा’त सशाची एक लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेला जीव धरून देता येत नाही, असे स्वामींनी त्यांना समजावले आणि पारधी गेल्यावर सशाला जाऊ दिले. आसरा कशाला म्हणावे, हे या लहानशा गोष्टीत पुरते आले आहे. जिवावर बेतले तेव्हा जवळ घ्यावयाचे, आणि भय सरले म्हणजे त्याचे जगणे त्याला परत द्यावयाचे. ससा रानातला, म्हणून त्याला रान परत मिळाले. पण कुत्र्याला कोणते रान परत देणार? हजारो वर्षे ते माणसाच्या उंबऱ्याशी राहिले आहे. त्याचे रान म्हणजे आपले घरच की!

आपल्या घरांतून कुत्र्याला घास मिळत आला आहे, यात शंका नाही. जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा वाटा काढून ठेवणारी माणसे तुम्ही-आम्ही पाहिली आहेत. दत्ताच्या तसबिरीत त्याच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाच्या पायाशीही कुत्रे असते. परंतु घास देणे निराळे आणि घर देणे निराळे. गावातले कुत्रे सगळ्या गावाचे असते, म्हणजे त्याची भाकर सगळ्यांची, आणि ते आजारी पडले, पिसाळले किंवा त्याला पिल्ले झाली, तर जबाबदारी मात्र कोणाचीच नसते. आपल्या भूतदयेतली ही उणीव आपण मोकळेपणाने कबूल केली पाहिजे.

ही उणीव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उघडी पडली ती मुंबईत. रस्त्यांवरची बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले होते. इनामाच्या लोभाने शिपाई घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले, अशी लोकांची तक्रार होती. जून १८३२ मध्ये पारशी लोक संतापून रस्त्यावर आले, इतर व्यापारी मंडळीही त्यांना मिळाली, आणि दुकाने बंद पडली. शहरात दंगल झाली ती कुत्र्यांवरून! दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे व्यापारी सहकारी यांनी मुंबईत पांजरपोळ काढला. म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरे तेथे आणावीत आणि मरेपर्यंत पोसावीत, ही त्यामागची कल्पना. कल्पना उदात्त खरीच. परंतु पांजरपोळाला आत येण्याचे दार होते. बाहेर जाण्याचे दार असावे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आलेले जनावर तेथेच राहावयाचे. जागा तेवढीच, आणि येणारी तोंडे मात्र रोज वाढणारी.

विलायतेत नेमके उलट झाले. १८६० मध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईने लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक आश्रयगृह काढले. १८७१ मध्ये ते बॅटरसी येथे गेले आणि त्याच नावाने प्रसिद्ध झाले. तेथे बाहेर जाण्याचे दार पहिल्यापासून होते. धनी सापडला तर कुत्रे त्याच्या स्वाधीन करावयाचे, न सापडला तर नवे घर पाहावयाचे. पण नवे घरही न मिळाले तर? तर त्या काळी त्या कुत्र्याचा शेवट करीत. म्हणजे पाहा, आपल्याकडे जीव वाचे, पण घर मिळत नसे. तिकडे घर मिळण्याची आशा असे, पण ते न मिळाले तर जीव जाई. या दोहोंतले चांगले तेवढे एकत्र आणणे, हेच पुढच्या काळाचे काम होते.

आता आपल्या वर्ध्याकडे वळू. पण त्यासाठी आधी अहमदाबादला जावे लागेल. १९२६ मध्ये तेथील एका गिरणीमालकांनी साठएक भटकी कुत्री मारविली आणि गांधीजींचे मत विचारले. गांधीजींनी त्यांना दोष दिला नाही. देशभर गहजब झाला. टीकेची पत्रे आली. तेव्हा गांधीजींनी आपल्या पत्रांतून या विषयावर लेखमालाच लिहिली. कुत्री मारण्याचे समर्थन आज आपण स्वीकारणार नाही. कुत्र्यांना सरसकट लस टोचण्याची सोय त्या वेळी नव्हती. आता ती आहे. परंतु त्या लेखांतला दुसरा मुद्दा आजही तितकाच खरा आहे. बेवारशी कुत्रे रस्त्यावर हिंडते, याला समाजाची दया म्हणता येत नाही, तो समाजाचा आळस आहे. प्रत्येक कुत्र्याला धनी असला पाहिजे. येताजाता भाकरीचा तुकडा टाकून आपण आपल्या मनाचे समाधान करून घेतो, त्या जिवाची सोय करीत नाही. असा तो मुद्दा.

पुढे दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, हेच गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव खेड्यात राहावयास आले. १९४० मध्ये त्या खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. जनावरे नुसती कोंडून ठेवणे म्हणजे सेवा नव्हे, त्यांना मोकळी जागा, शास्त्रीय निगा आणि माणसाच्या जीवनात स्थान मिळाले पाहिजे, हा विचार येथे गाईच्या निमित्ताने रुजला. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी वर्ध्याला गोसेवा संघ स्थापिला. मोठा कारभार सोडून ते गोपुरीला साध्या झोपडीत राहावयास गेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले, आणि ते काम जानकीदेवींनी पुढे चालविले. कुत्र्यामांजरांशी या संघाचा संबंध नव्हता, हे खरे. परंतु दान देऊन मोकळे होणे आणि जबाबदारी अंगावर घेणे यातला फरक आमच्या जिल्ह्याने तेव्हा जवळून पाहिला.

स्वातंत्र्यानंतर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला. १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. भटकी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी व लसीकरण करावे, असे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने करण्यात आले. अगदी अलीकडे, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, दिल्लीतील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्राणिप्रेमींना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये, ही जबाबदारी अर्जदारावर टाकली. शंभर वर्षांपूर्वीचा धन्याचा मुद्दा असा न्यायालयाच्या आदेशात आला. आमच्याकडे वर्ध्यालगत पिपरी मेघे येथे ‘करुणाश्रम’ आहे. जखमी व निराधार प्राण्यांना तेथे आसरा मिळतो. सशाच्या लीळेची आठवण व्हावी, असेच ते काम आहे.

तुम्ही म्हणाल, आश्रयस्थानातून कुत्रे घरी आणले की झाले! मलाही तसेच वाटले होते. बुंदीला आणले तेव्हा आईने दारातच विचारले, “बाप्पा! हे काय आनलं तू घरात?” बुंदी सरळ दिवाणाखाली शिरली, ती रात्रभर बाहेर आली नाही. आमच्यासमोर तिने अन्नाला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी उत्साहाने तिला ओढून काढले, आंघोळ घातली, आणि शेजारच्या मंडळींना पाहावयास बोलावले. त्या गडबडीत फाटक उघडे राहिले आणि बुंदी पळाली. पोरीने रडून घर डोक्यावर घेतले. दिवेलागणीच्या सुमारास आर्वी रोडच्या बाजूला एका भिंतीच्या आडोशाला ती सापडली. चूक सर्वस्वी माझी होती. या कामातल्या एका जाणत्या माणसाने मला नंतर सांगितले, “सर, विद्यार्थी नवीन असला तर पहिल्याच दिवशी तुम्ही त्याची परीक्षा घेता का?”

त्यांचा हिशेब ढोबळ आहे, पण उपयोगी आहे. भीती ओसरण्यास तीन दिवस, घराची रीत कळण्यास तीन आठवडे, आणि हे घर आपलेच असे वाटण्यास तीन महिने. त्या काळात एक कोपरा तिचा म्हणून नेमून द्यावा, तेथे तिला कोणी डिवचू नये. अन्नाची वेळ आणि भांडे बदलू नये. पाहुण्यांची गर्दी करू नये. बाहेर नेताना साखळी सोडू नये. रेबीजची लस, जंताचे औषध आणि नसबंदी यांविषयी पशुवैद्याला विचारून घ्यावे. लस दरवर्षी टोचून घ्यावी. आणि आपल्या वर्ध्याचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा सावली आणि पाण्याचे भांडे यांत कसूर झाली तर सगळी माया फुकट.

आम्ही तसे वागू लागलो. आठवडाभराने बुंदी आमच्या देखत जेवली. तिसऱ्या आठवड्यात ती ओसरीवर येऊन बसू लागली. एके दिवशी मी कॉलेजातून उशिरा आलो, तर आई ताट वाढून बसली होती, माझ्यासाठी नव्हे! मला म्हणाली, “अजून जेवली नाई थे. तुह्या वाटेकडे पाहून राह्यली.” त्या दिवसापासून घरात भाकरी थापताना एक जास्तीची पडते, आणि ती थापते आईच.

परंतु एक गोष्ट अजून गेली नाही. कोणी हातात रिकामे पोते घेतले, की बुंदी थरथरते आणि दिवाणाखाली जाते. तिच्या आयुष्यात पोत्याचा काय संबंध आला असेल, कोणास ठाऊक! तिचा पूर्वेतिहास लिहिलेला नाही; हा एवढाच पुरावा आमच्या हाती आहे. मला देवटेकची शिला आठवते. तिच्यावर नवा लेख आला, पण खालची अक्षरे राहिलीच. घरात आलेल्या अशा जिवाकडून सगळे विसरण्याची अपेक्षा करू नये. पोते आम्ही आता तिच्या समोर काढीत नाही, एवढेच आमच्या हाती आहे.

वाचकहो, आश्रयस्थाने कितीही चांगली चालली, तरी ती भरतात आणि पुन्हा पांजरपोळ होतात. बाहेर जाण्याचे दार त्यांच्या हातात नाही, ते तुमच्या-आमच्या घरांत उघडते. एक जनावर घरी गेले, की आश्रयस्थानात दुसऱ्या एकाला जागा होते. प्रत्येकाने कुत्रे पाळावेच, असे मी म्हणत नाही. घरात जागा, वेळ आणि घरच्यांची संमती नसेल, तर न पाळणेच बरे. आणलेले जनावर दोन महिन्यांनी परत नेऊन सोडणे यासारखी दुसरी निर्दयता नाही. परंतु पाळावयाचे मनात असेल, तर विकत घेण्यापूर्वी एकदा आश्रयस्थानाचा रस्ता धरा. तेथे जी सगळ्यांत मागे, कोपऱ्यात बसलेली असेल, तिच्याकडेही जरा पाहा. आमची बुंदी तशीच मागे बसली होती.