आस धरून ठेवणारी पेटी

सतार वाजवणाऱ्याला 'आस' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तार छेडल्यावर जो स्वर मागे रेंगाळतो, ती आस. मींड घ्यायची ती तेवढ्याच अवधीत. इलेक्ट्रिक गिटारवर लीड वाजवणाऱ्याची अडचण हीच आहे. पिकचा ठोका जोरात येतो आणि स्वर लगेच उतरणीला लागतो. गाणाऱ्या गळ्यासारखा सूर धरून ठेवायचा तर कसा?

एक प्रसिद्ध उत्तर बर्लिनमध्ये सापडतं. १९७७च्या उन्हाळ्यात डेव्हिड बोवी तिथल्या हान्झा स्टुडिओत 'हीरोज' या अल्बमचं ध्वनिमुद्रण करत होता. कंट्रोल रूमच्या खिडकीतून भिंत दिसायची. शीर्षकगीतातला तो न तुटणारा गिटारचा सूर रॉबर्ट फ्रिपचा. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीने सांगितलं आहे की, कोणत्या स्वरासाठी स्पीकरपासून किती अंतरावर उभं राहायचं याच्या खुणा फ्रिपने जमिनीवर चिकटपट्टीने केल्या होत्या. स्पीकरच्या आवाजाने तार पुन्हा थरथरते, ती थरथर पुन्हा स्पीकरमध्ये जाते आणि स्वर विझतच नाही. हा फीडबॅक. त्याला मोठी खोली लागते आणि भरपूर आवाज लागतो. रात्री दहानंतर रूहेत्साइट पाळणाऱ्या आपल्या इमारतींत हा प्रयोग केलात, तर सकाळी दारावर शेजाऱ्यांची चिठ्ठी असेल!

घरात चालणारं उत्तर म्हणजे कॉम्प्रेसर पेडल. गंमत अशी की, या यंत्राचा जन्म सूर लांबवण्यासाठी झालाच नव्हता. तो झाला आवाजाला लगाम घालण्यासाठी. रेडिओवर निवेदक एकदम जोरात बोलला की प्रक्षेपकाची मर्यादा ओलांडली जाई आणि आवाज फाटे. सतत बटणावर हात ठेवून बसलेल्या तंत्रज्ञाचं काम यंत्राने करावं, म्हणून अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३७ साली '११०ए' हे उपकरण आणलं. युद्धानंतर जर्मन रेडिओ केंद्रांत टेलिफुंकनचा 'यू७३' आला. जर्मनमध्ये अशा यंत्राला 'बेग्रेंत्सर' म्हणतात. 'ग्रेंत्स' म्हणजे सीमा; सीमा घालून देणारा तो बेग्रेंत्सर.

१९७०च्या दशकात, ट्रान्झिस्टर आणि चिपमुळे, हेच काम तळहाताएवढ्या डबीत मावू लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीच्या 'डायना कॉम्प'वर दोनच बटणं होती, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. १९७८ साली जपानी बॉस कंपनीने आपल्या 'सीएस-१'ला नावच दिलं 'कॉम्प्रेशन सस्टेनर'. लगाम घालणाऱ्या यंत्राची विक्री आता सूर लांबवणारं यंत्र म्हणून होऊ लागली.

हे कसं, ते आकड्यांत पाहू. समजा, ठोका ठरावीक मर्यादेच्या १२ डेसिबल वर गेला आणि पेडलचं प्रमाण ४ ला १ आहे. मग बाहेर येताना तो फक्त ३ डेसिबल वर असेल. तार विझत त्या मर्यादेपर्यंत आली की पेडल दाबणं थांबवतं. म्हणजे तारेने १२ डेसिबलची उतरण केली, पण कानाला ३च जाणवली. आता आउटपुट वाढवून गेलेले ९ डेसिबल भरून काढा. शेपूट वर येतं आणि आस लांब वाटते. तारेत मात्र नवा जीव आलेला नसतो. फ्रिपच्या फीडबॅकमध्ये तो खरोखर येत होता.

म्हणूनच किंमत मोजावी लागते. शेपटासोबत गिटारची गुणगुणही तेवढीच वर येते. आणि हळू छेडलेला स्वर नि जोरात मारलेला स्वर यांतला फरक, म्हणजे वादकाचा हात, पुसट होतो. लीड वाजवताना अ‍ॅटॅक थोडा सावकाश ठेवा. पिकचा पहिला टणका सुटून जातो आणि मागची आस तेवढी सावरली जाते. पेडल डिस्टॉर्शनच्या आधी जोडा. डिस्टॉर्शन स्वतःच आवाज दाबतं, म्हणून तिथे कॉम्प्रेसर कमीच पुरतो. स्वच्छ आवाजातल्या सोलोत त्याचं काम सर्वांत नीट कळतं.

हा हिशेब केवळ गिटारवाल्यांचा नाही. पूर्वी प्रसारणात फक्त आवाजाची शिखरं मोजत, म्हणून जाहिराती दाबून-दाबून कर्कश केल्या जात. नियम मोडत नसे, प्रेक्षक मात्र रिमोट शोधत. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली 'आर १२८' शिफारस काढून सरासरी जाणवणारा आवाज मोजायला सुरुवात केली, आणि २०१२पासून एआरडी, झेडडीएफसह जर्मन वाहिन्या त्यावर आल्या. दाबण्याचा फायदाच उरला नाही.

आपल्यापैकी अनेकांची मुलं पुण्यामुंबईच्या गुरूंकडे व्हिडिओ कॉलवर गाणं शिकतात. तिथेही आवाज आपोआप एकसारखा करणारी यंत्रणा चालू असते आणि तानपुऱ्याचा अखंड नाद तिला गोंगाट वाटतो. अनेक अ‍ॅपमध्ये ती बंद करता येते. संगीताच्या तासाला जरूर करा. पेडलचंही तसंच आहे. ते किती दाबतंय हे ऐकायचं असेल, तर एक सोलो पेडल लावून आणि एक न लावता मुद्रित करा, दोन्ही सारख्या आवाजात ऐका, आणि मगच बटण कुठे ठेवायचं ते ठरवा.