विमानाच्या पायांतील वायू

विमान धावपट्टीवर उतरू लागले की प्रवाशाच्या मनावरचे दडपण कमी होते. यंत्रज्ञाची खरी काळजी मात्र तेथेच सुरू होते. अनेक टनांचा भार वेगाने खाली येऊन जमिनीला टेकतो आणि तो सारा आघात विमानाच्या पायांना जिरवावा लागतो. आरंभीच्या कित्येक विमानांत हे काम रबराच्या दोऱ्यांकडे असे. रबर धक्का सोसते खरे, पण घेतलेले लगेच परत करते. त्यामुळे विमान चेंडूसारखे उसळे.

याचा उपाय सापडला तो तोफखान्यात. १८९७ सालच्या सुप्रसिद्ध फ्रेंच तोफेची नळी गोळा सुटताच मागे सरके आणि तेल व दाबलेली हवा यांच्या योगाने अलगद पूर्वस्थानी येई. तोफा घडविणाऱ्या विकर्स या ब्रिटिश कंपनीने १९१५ साली हेच तत्त्व विमानाच्या पायाला लावून त्याचे पेटंट घेतले. संहारासाठी काढलेली युक्ती अशा रीतीने रक्षणाच्या कामी आली. पायाच्या नळकांड्यात तेल आणि वायू असतात. चाके टेकताच तेल एका बारीक छिद्रातून जोराने ढकलले जाते आणि आघाताची शक्ती उष्णतेत विरते. वायू दबून कमानीसारखा भार पेलतो.

पण वायू कोणता भरावा? साधी हवा फुकट मिळते. परंतु तिच्यात एकपंचमांश प्राणवायू असतो. एकाएकी दाबलेली हवा तापते आणि तिच्यात तेलाचे तुषार मिसळले, तर डिझेल एंजिनातल्याप्रमाणे भडका उडू शकतो. म्हणून नत्रवायूची निवड झाली. १७७२ साली एडिंबरो येथे डॅनियल रदरफर्ड याने हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती विझे, प्राणी गुदमरे. म्हणून लाव्हाझिए याने त्याला ‘प्राणहीन’ अशा अर्थाचे नाव दिले. हे नाव वायूला थोडे अन्यायाचेच म्हटले पाहिजे.

पायातील ही दक्षता चाकांच्या टायरांबाबत सर्वत्र पाळली जात नव्हती. ३१ मार्च १९८६ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, मेक्सिको सिटीहून एक बोइंग ७२७ विमान निघाले. त्याच्या एका टायरात नत्रवायूऐवजी साधी हवा भरलेली होती. ब्रेक अतिशय तापला, त्याची धग टायराला लागली. तापलेल्या रबरातून निघालेल्या ज्वालाग्राही वाफा आतील प्राणवायूशी संयोग पावल्या आणि आकाशातच टायराचा स्फोट झाला. इंधनाच्या व तेलाच्या नळ्या तुटल्या, आग पसरली. विमानातील १६७ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमान-प्रशासनाने आज्ञा काढली: मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत कोरडा नत्रवायू किंवा तसाच निष्क्रिय वायू भरावा, आणि प्राणवायूचे प्रमाण शेकडा ५ च्या वर जाऊ देऊ नये.