बोटांची कथा आणि ब्लॅक सॅबथ

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचे चरित्र बहुधा एका अपघातापासून सांगितले जाते. १९६५ साली बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका हाच. आगीत दोन बोटे निकामी होऊनही वाजवत राहिलेल्या जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला ऐकवली. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले, बँजोच्या हलक्या तारा गिटारवर चढवल्या.

येथून चरित्रकार एका उडीत निष्कर्षावर येतात : दुखऱ्या बोटांसाठी तारा सैल केल्या, स्वर खाली उतरला आणि हेवी मेटल जन्मले. कथा देखणी आहे. कालक्रम मात्र तिला साथ देत नाही. १९७० मधले 'ब्लॅक सॅबथ' आणि 'पॅरॅनॉइड' हे पहिले दोन्ही अल्बम नेहमीच्या स्वरजुळणीतले आहेत. तारा उतरवल्या गेल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये, तेही काही गाण्यांपुरत्या. पहिल्या अल्बममधील शीर्षकगीताची भयकारी जाणीव वेगळ्याच गोष्टीतून येते. ते सुरांचे अंतर आपल्या परिभाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातले. ही निवड आहे, इजा नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित असावा. लेखकाची जखम सापडली की संहिता वाचण्याचे काम संपले असे आपण मानतो.

या घाईत सर्वाधिक अन्याय झाला तो गीझर बटलरवर, असे आम्हांला वाटते. आयोमी, बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बर्न हे चौघेही अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतले. बँडचे नाव मारिओ बावाच्या १९६३ मधील भयपटाच्या इंग्रजी शीर्षकावरून घेतलेले. त्यामुळे सैतानपूजेचा शिक्का लगेच बसला. पण बहुतेक गीते लिहिणारा बटलर कॅथलिक घरात वाढला होता, आणि 'वॉर पिग्ज'मध्ये चेटकिणींची भाषा त्याने युद्ध पेटवणाऱ्या सेनानींवर व राजकारण्यांवर रोखली, काळ व्हिएतनामचा. शब्द बटलरचे, लौकिक मात्र ते गाणाऱ्या ऑझीचा!

१९७९ साली ऑझीला काढण्यात आले, मग रॉनी जेम्स डिओ आला. पुढील फेरबदलांची यादी कंटाळवाणी आहे. मूळ चौघे ५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी ऑझीचे निधन झाले.