फोटोतली सावली : मोकळ्या उजेडातल्या कुटुंबचित्राची गोष्ट

१/
रविवारी सकाळी कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवर गेलात, तर एखादे तरी कुटुंब फोटोसाठी उभे असलेले दिसते. आजी दगडावर टेकलेली, नातवंडे तिच्या पुढ्यात, मागे आई, बाबा, काका. समोर नवा कॅमेरा हाती आलेला घरातलाच कुणी मुलगा किंवा मुलगी. दृश्य अगदी आजचे वाटते; पण त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. या थ्रेडमध्ये तो पाहू.

२/
१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रण-पद्धतीची जाहीर घोषणा झाली. पुढच्या पंधरा वर्षांत ही विद्या मुंबईत इतकी रुजली, की १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे कॅमेऱ्यामागे भारतीय माणूस अगदी आरंभापासून उभा होता.

३/
त्या काळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची आणि थर ओला असतानाच चित्र घेऊन लगेच धुवायचे. बाहेर जायचे तर अंधारा तंबू, काचा, बाटल्या, पाणी असा सारा संसार सोबत न्यावा लागे. चित्र उमटायला काही सेकंद लागत आणि तेवढा वेळ निश्चल राहावे लागे. जुन्या चित्रांतले चेहरे कठोर दिसतात, त्याचे एक कारण हे आहे. इतका वेळ हसू टिकत नाही!

४/
आणखी एक गंमत. या काचांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळे आकाश कोरे पांढरे उमटे आणि लाल लुगडे काळपट. कपाळावरचे कुंकू तर काळ्या ठिपक्यासारखे दिसे. जुन्या चित्रात पणजीच्या कपाळी काळा ठिपका दिसला, तर ती काळे कुंकू लावत होती असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तो काचेचा किंवा फिल्मचा दोष असू शकतो.

५/
विजेचे दिवे नव्हते, तेव्हा सूर्य हाच दिवा. अंगण, ओसरी, गच्ची या छायाचित्रणाच्या स्वाभाविक जागा होत्या. तरीही बाहेरचे दृश्य आणि माणसांचा समूह एकाच वेळी नीट टिपणे अवघड जाई. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातिजमातींवर दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यांत त्याने वेगळी टिपलेली माणसे वेगळ्या दृश्यांवर जोडली. पार्श्वभूमी बदलण्याची कला मोबाइलने शोधलेली नाही, ती अशी जुनी आहे.

६/
पुढे स्टुडिओ आले. काचेच्या छपरातून, शक्यतो उत्तरेकडून, मंद उजेड आत घ्यायचा आणि मागे रंगवलेला पडदा सोडायचा. पडद्यावर खांब, जिने, कुंड्या, बाग. विरोधाभास पाहा : बाहेरचा उजेड आवरत नाही म्हणून कुटुंब आत आले, आणि आत आल्यावर त्याच्यामागे खोटे ‘बाहेर’ रंगवले गेले.

७/
या चित्रांची मांडणी घराच्या उतरंडीसारखी असे. मध्ये खुर्चीवर कर्ता पुरुष, शेजारी वडीलधारे, मागे मुलगे, कडेला सुना, खाली सतरंजीवर मुले. ज्या घरांत विधवेने मंगल प्रसंगी पुढे यायचे नाही असा दंडक होता, तेथे सोवळी आजी किंवा आत्या चौकटीत दिसेलच असे नाही. म्हणून जुने कुटुंबचित्र वाचताना दोन प्रश्न विचारावेत. कोण कुठे बसले आहे? आणि कोण नाहीच?

८/
या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर कोथरूडच्या शेजारीच आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, एका झोपडीत नेला. तेव्हा हा सारा भाग पुण्याबाहेरचा, शेतांचा. घरच्या चित्रात जिला जागा नव्हती, ती अशा संस्थेच्या समूहचित्रात कुणाची विधवा म्हणून बसत नाही. विद्यार्थिनी म्हणून बसते. कर्वे रस्त्यावरून जाताना हे आठवावे.

९/
मात्र चौकट ठरवण्याचा अधिकार घरातल्या माणसांकडे यायला यंत्र स्वस्त व्हावे लागले. १८७१ मध्ये मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि अंधाऱ्या तंबूची गरज सरली. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. १९०० मध्ये एका डॉलरचा ब्राउनी. आता नवशिक्याही फोटो काढू शकत होता, पण भर उन्हात आणि घराबाहेर. कुटुंब पुन्हा अंगणात आले.

१०/
अशा साध्या कॅमेऱ्यांसाठी नवशिक्याला एकच नियम सांगत : सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. उजेड पुरे, पण समोरच्यांचे डोळे बारीक होत. शिवाय सूर्य खाली असला, की काढणाऱ्याची लांब सावली चित्रात शिरे. जुन्या अल्बममध्ये पायांपाशी पडलेली अशी सावली नीट पाहा. बहुधा ती वडिलांची, काकांची किंवा थोरल्या भावाची असते. सगळे कुटुंब चित्रात आहे. ते काढणाऱ्याची तेवढी सावलीच उरली आहे.

११/
कधी कधी सावलीही उरत नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला १९३० च्या दशकात मुंबईत हे काम शिकल्या. त्यांची आरंभीची चित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापून येत. फोटो काढणारी व्यक्ती चित्राबाहेर राहते, आणि ती स्त्री असेल तर नावाबाहेरही राहू शकते. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

१२/
पुण्याच्या स्मृतीला एक मोठा तडा आहे : १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटले आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. पाण्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवू गेले तर चेहरेच निघून येतात. आजोबांच्या लहानपणीचा फोटो का नाही, असे विचारल्यावर “पुरात गेला” हे उत्तर अनेक पुणेरी घरांत मिळते.

१३/
पुढच्या दशकांत शहर पश्चिमेला सरकले. कोथरूडमध्ये शेतांच्या जागी बंगले आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. त्याच काळातला लोकांचा कॅमेरा म्हणजे बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बाराच फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही बाजारात असे. बाराच संधी असल्याने फोटो वाढदिवसाला, मुंजीला किंवा नव्या घराच्या दारात निघे. त्या चित्रांत मागे दिसणारी मोकळी माळराने आज शोधून सापडत नाहीत. कोथरूड कसे वाढले, याचा हा घरगुती पुरावा आहे.

१४/
आता टेकडीवरच्या नवशिक्याकडे वळू. या इतिहासातून त्याला तीन गोष्टी घेता येतात. दुपारचे ऊन टाळावे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी यावे. ऊन कडक असेल, तर कुटुंबाला झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभे करून तोंडे मोकळ्या आकाशाकडे वळवावीत. जुन्या स्टुडिओतल्या उत्तरेच्या उजेडाचे तत्त्व हेच. आणि माणसे मागच्या झाडीपासून काही पावले पुढे आणावीत, म्हणजे कुणाच्या डोक्यातून फांदी उगवत नाही!

१५/
चौथी गोष्ट कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत नसते. बटण दाबण्याआधी एकदा मोजावे : कोण राहिले? स्वयंपाकाचे डबे उघडत बसलेली मामी, “माझा कशाला” म्हणत बाजूला सरलेली आजी, यांना हाक मारावी. मग कॅमेरा टायमरवर ठेवून किंवा एखाद्या वाटसरूच्या हाती देऊन स्वतःही रांगेत जावे.

१६/
घरी गेल्यावर आणखी एक काम. फोटो छापून घ्यावा आणि पाठीमागे पेन्सिलीने तारीख, जागा, सगळ्यांची नावे आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक ते चित्र हाती घेईल, तेव्हा त्याला ती सावली कुणाची, हे विचारत बसावे लागणार नाही.

तुमच्या घरातल्या सर्वांत जुन्या, उघड्यावर काढलेल्या फोटोत कोण नाही? आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.