जगात जर्मनी, भारतात परभणी आणि एक शिसवी फळी

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे वाक्य आम्हा परभणीकरांच्या कानावर जन्मापासून पडतं. ते कौतुक आहे की चेष्टा, हे मात्र कुणी नक्की सांगत नाही. आम्ही कौतुक धरून चालतो, बाहेरचे हसतात. गेल्या वर्षभरात एका वाद्याच्या निमित्ताने जे वाचन झालं, त्यातून या वाक्याचा मला पटेल असा अर्थ लागला. तोच इथे मांडतोय. लेख थोडा लांबला आहे, चहा घेऊन बसा.

वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक बास गिटार. माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि शनिवार-रविवार बास वाजवतो. आमच्या घरात अजून "तो गिटार वाजवतो" असंच म्हणतात, म्हणून नातेवाईकांसाठी सांगतो: नेहमीच्या गिटारला सहा तारा, बासला साधारणपणे चार. जाड, लांब आणि खर्जातल्या. तंबोऱ्यालाही चारच तारा, आणि शेवटची खर्जाची. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ वेळा थरथरतो. बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ वेळा. म्हणजे हा खर्जाच्याही तळघरातला आवाज. गाण्यात तो वेगळा ऐकू येत नाही, पण काढून घेतला तर घराचा पाया काढल्यासारखं वाटतं.

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंचीचं उभं डबल बास करायचं. ते गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागे आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही येत नसे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सिएटलमध्ये पॉल टुटमार्क यांनी गळ्यात अडकवायचं विजेवरचं बास बनवलं, पण ते फारसं चाललं नाही. चाललं ते लिओ फेंडर यांचं, १९५१ सालचं प्रिसिजन बास. दांडीवर सतारीसारखे पडदे असल्याने सूर नेमका लागायचा, म्हणून नाव 'प्रिसिजन'. फेंडर यांनी लाकूड अगदी साधं घेतलं. अंगाला ॲश, दांडीला मेपल. दोन्ही त्यांच्याच देशातली झाडं. कारखान्यात भराभर कापा, चार स्क्रूंनी दांडी जोडा, झालं.

माप देऊन शिवलेल्या कपड्यासारखं बास नंतर आलं. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या अलेंबिक कंपनीने मेपल, अक्रोड, पर्पलहार्ट अशा वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून दांड्या केल्या. यात नुसती हौस नव्हती. चार जाड तारा ताणल्या की दांडीवर ७०-८० किलोंचा ओढा पडतो. एकाच फळीची दांडी ऋतुमानाप्रमाणे वाकते किंवा पिळवटते. पट्ट्यांचे रेषे उलटसुलट लावून चिकटवले तर एकीचा पीळ दुसरी अडवते. १९७५ मध्ये अँथनी जॅक्सन या वादकाने कार्ल थॉम्पसन या कारागिराकडून सहा तारांचं बास करून घेतलं. तेव्हापासून वादकाने कारागिराकडे जायचं आणि लाकूड निवडायचं, ही रीत पसरत गेली.

आता जर्मनी. तिथल्या सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शन नावाचं लहानसं गाव आहे. बोहेमियातून धर्मासाठी परागंदा झालेल्या १२ व्हायोलिन कारागिरांनी १६७७ मध्ये तिथे आपला संघ स्थापन केला. पुढे तिथेच १७९६ मध्ये ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन जन्मला. त्या काळात गावात भांडण पेटलं होतं. गिटार बनवणारे सुतारांच्या संघातले, तर व्हायोलिनवाल्यांचं म्हणणं की सुतारांनी कपाटं करावीत, वाद्यांना हात लावू नये. मार्टिन कंटाळून १८३३ मध्ये अमेरिकेला गेला आणि त्याच्या नावाची गिटार जगभर पोचली. 'सुतार तो सुतार' ही वृत्ती फक्त आपल्याकडची नाही, एवढाच दिलासा. :)

दुसऱ्या महायुद्धानंतर बोहेमियातल्या जर्मन कारागिरांना पुन्हा घरदार सोडावं लागलं. त्यातल्या अनेकांना हाताशी धरून फ्रेड विल्फर यांनी १९४६ मध्ये फ्रामुस ही वाद्यकंपनी काढली. ती पुढे बुडाली. त्यांच्या मुलाने, हान्स-पीटरने, १९८२ मध्ये वॉरविक काढली आणि बास बनवायला घेतले. बुबिंगा, वेंगे अशा आफ्रिकी लाकडांसाठी ते ओळखले जाऊ लागले. १९९५ मध्ये या कंपनीने आपलं बिऱ्हाड हलवलं, ते त्याच मार्कनॉयकिर्शनला.

हे वाचताना मला सारखी मिरज आठवत होती. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींचं काम संपत गेलं, आणि १९व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांकडे हात वळवला. पोलादाची नजर लाकडाला लागली. मिरजेच्या तंबोऱ्याची दांडी बहुधा तून नावाच्या हलक्या, लालसर लाकडाची असते. भोपळा येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या बाजूच्या भीमाकाठच्या शेतांमधून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे गंगाखेडला, जनाबाईच्या गावी, सप्ताह बसला की वीणा खाली टेकवत नाहीत, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तशा भजनी वीणाही मिरजेत बनतात. त्या सुरावर अख्खा सप्ताह उभा असतो, पण गावात त्या कारागिराचं नाव कुणी विचारत नाही.

तर भाच्याने एका कारागिराकडे बास करायला टाकायचं ठरवलं. कारागिराने लाकडांची यादी पाठवली, वर मथळा 'एक्झॉटिक वुड्स'. वेंगे, पडौक, कोकोबोलो, बुबिंगा, आणि शेवटी इंडियन रोझवुड. भाचा म्हणाला, "मामा, हे शेवटचं मिळवायला अवघड आहे म्हणे." मी म्हटलं, "अरे, हे तर शिसव. तुझ्या आजोळची बंगई याचीच आहे!"

मग मी त्या यादीतल्या झाडांची कुळं शोधत बसलो आणि मजाच झाली. वेंगे हा आपल्या करंजाचा नातलग. आफ्रिकी पडौक हा बिवळ्याचा भाऊबंद. कोकोबोलो तर शिसवाचाच अमेरिकी चुलतभाऊ. आणि बुबिंगासकट ही सगळी मंडळी शेंगवर्गीय, म्हणजे तूर, हरभरा आणि सोयाबीनच्या मोठ्या खानदानातली. ज्या जिल्ह्याची निम्मी चर्चा तुरीच्या भावावर चालते, तिथल्या माणसाने याला एक्झॉटिक का म्हणावं? आपल्या परसात नाही ते एक्झॉटिक, एवढाच त्याचा अर्थ. कॅमेरूनमधल्या माणसाला बुबिंगा म्हणजे गावामागचं झाड. कॅलिफोर्नियातल्या माणसाला शिसव म्हणजे नवल.

पण या नवलाची किंमत कुणाच्या तरी परसाला मोजावी लागते. गिटारवाले आधी ब्राझीलचं रोझवुड वापरत. ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९ मध्ये मार्टिन कंपनी आपल्या शिसवाकडे वळली, इतरही वळले. ब्राझीलच्या झाडाच्या व्यापारावर १९९२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली जवळपास पूर्ण बंदी आली. आपल्याकडे शिसवाची तोड त्याही आधीची. १९व्या शतकात मुंबईत याच काळ्या लाकडाचं नक्षीदार फर्निचर बने आणि साहेब लोक ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून घेत. आज आपलं शिसव धोक्यातल्या झाडांच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदलेलं आहे. चीनमधल्या लाल लाकडाच्या फर्निचरची मागणी इतकी वाढली की २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या गोतावळ्यावर आणि बुबिंगावर परवान्याचं बंधन आलं. त्यात गिटारवालेही अडकले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. २०२२ मध्ये आपल्या हस्तकला कारागिरांनाही १० किलोंच्या आतल्या वस्तूंसाठी मोकळीक मिळाली.

परभणी जिल्ह्यात जंगल नावापुरतंच. आमच्या वाड्याच्या सागवानी तुळया बाहेरून आलेल्या, बंगईच्या शिसवी फळ्या त्याहून लांबून. आजोबांच्या वेळी त्या कुणी कुठून आणल्या हे सांगणारं माणूस आता घरात नाही. वाडा पाडला तेव्हा बंगई ताईकडे गेली. तिच्या तीन फळ्यांपैकी एक कडीजवळ उभी चिरली होती. ती काढून जिन्याखाली ठेवलेली. भाच्याच्या मनात ती फळी भरली.

ताई म्हणाली, "बंगईला हात लावून तर बघ." तिचंही बरोबर होतं. आईने आम्हा सगळ्यांना त्या बंगईवर झोपवलंय. नवी फळी घ्यायची तर कुठलं तरी झाड तुटणार, जुनी घ्यायची तर घरातलं काहीतरी तुटणार. फुकट यातलं काहीच नाही.

मी फळी आमच्या सुतारमामांना दाखवली. त्यांनी कडेवरून एकदा रंधा फिरवला, भुसा चोळून वास घेतला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "हिचं वाळणं कधीच संपलंय. आता वाकायची नाही ही." एवढंच तर त्या कारागिरांना हवं असतं. बासच्या दांडीवरची पट्टी म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर लांब, ७-८ रुंद आणि जेमतेम ६-७ मिलिमीटर जाड. बोटं तिच्यावर फिरतात, पडदे तिच्यात ठोकले जातात. बाकीच्या अंगाला वाड्याच्या तुळईचा सागवान चालेल असं कारागिराने कळवलं. जरा जड होईल म्हणे. आमच्या घराण्यातलं काय हलकं आहे?

मार्कनॉयकिर्शनला आफ्रिकेचं लाकूड आलं, मिरजेला भीमाकाठचा भोपळा, आमच्या घरी कुठल्याशा रानातलं शिसव. लाकूड बहुतेक वेळा परगावचंच असतं. पण धार लावणाऱ्यांनी सूर लावायला घेतला आणि पळून आलेल्यांनी कामाची बैठक मांडली, की ते लाकूड त्या गावचं होतं. म्हणून मला आमच्या म्हणीत कौतुक किंवा चेष्टा यापेक्षा दोन गावांची ओळख जास्त दिसते. मार्कनॉयकिर्शनवाल्यांना अर्थात याचा पत्ता नाही. असो.

परवा ताईचा फोन आला. होकार दिलाय, पण अट घातलीये: पट्टी कापून झाल्यावर उरलेल्या फळीचे पाट करून द्यायचे, आणि भुसासुद्धा टाकायचा नाही. मी टेप घेऊन मोजलं. एक पट्टी आणि दोन पाट बसतात. तिसऱ्यासाठी कुणी विचारू नये ही विनंती, विशेषतः नांदेडकरांनी.