पुस्तकाच्या आधी येणारं मुखपृष्ठ : अमेरिकेतल्या ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानात प्रेमकादंबऱ्या? आणि त्यातही त्यांची मुखपृष्ठं? पण थोडा धीर धरा. लोकांनी काय लिहिलं हे इतिहासकार बघतोच, पण लोकांनी काय हातात धरलं हेही त्याला बघावं लागतं. आणि पुस्तक हातात धरलं की आधी दिसतं ते मुखपृष्ठ.

एक गंमत आठवून बघा. आपल्याकडे ज्यांचं वाचन सार्वजनिक वाचनालयांवर पोसलं गेलं, त्यांना कित्येक कादंबऱ्यांचं मुखपृष्ठ माहीतच नसतं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, वर चिकटवलेला क्रमांक, झालं. आत फडके आहेत की खांडेकर, हे पान उलटल्यावरच कळायचं. शेजारच्यालाही कळायचं नाही तुम्ही काय वाचताय ते. म्हणजे पुठ्ठ्याची एक सोय होती : वाचणाऱ्याचं गुपित राहायचं. अमेरिकेत ज्या कादंबऱ्यांबद्दल मी आज बोलणार आहे, त्यांची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. तिथे मुखपृष्ठाचं कामच मुळी हे होतं, की शेजारच्याला कळलं पाहिजे.

आधी व्याख्या करून घेऊ. ‘इन्स्पिरेशनल रोमान्स’ म्हणजे अशी प्रेमकथा, जिच्यात दोन धागे एकत्र विणलेले असतात. एक धागा नायक-नायिकेच्या प्रेमाचा, दुसरा त्यांच्या देवाशी असलेल्या नात्याचा. अमेरिकेत हा देव बहुतेक वेळा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, आणि त्यातही इव्हँजेलिकल परंपरेतला. शेवट सुखाचा असतो. शारीरिक जवळीक फार तर चुंबनापर्यंत जाते.

या प्रकाराची आजी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल. जन्म १८६५, मृत्यू १९४७. १८९९ साली तिचे पती वारले, पदरात दोन लहान मुली. लिहून संसार चालवायचा होता आणि तिने तो चालवला. शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली. तिच्या काळात ‘ही सोज्ज्वळ कादंबरी आहे बरं का’ असं मुखपृष्ठावरून ओरडून सांगायची फारशी गरज नव्हती. बाजारातल्या बऱ्याच प्रेमकथा वरून तरी सोज्ज्वळच दिसायच्या. तुलना करायला समोर कोणी नसेल, तर वेगळेपणा दाखवायचा कोणाला?

ती तुलना उभी राहिली १९७२ साली. एव्हन या प्रकाशनाने कॅथलीन वुडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही कादंबरी थेट पेपरबॅकमध्ये काढली. पुस्तक जाडजूड, कथा ऐतिहासिक, आणि शयनगृहाचं दार सताड उघडं. सुरुवातीलाच नायक नायिकेवर बलात्कार करतो आणि तरी पुढे त्यांचं प्रेम जमतं, अशी ती कथा. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण पुस्तक तुफान खपलं. त्यामागून तशा पुस्तकांची रांग लागली. पुढच्या काही वर्षांत मुखपृष्ठाचा एक साचा पक्का झाला. वाऱ्यावर उडणारे केस, खांद्यावरून घसरलेला झगा, उघड्या छातीचा नायक आणि त्याच्या मिठीत मागे कललेली नायिका. या मिठीला तिकडच्या धंद्यात ‘क्लिंच’ म्हणतात. सुपरमार्केटच्या फडताळावर ती मिठी दहा पावलांवरून ओळखू यायची.

आता विचार करा. चर्चला नियमाने जाणारी, प्रेमकथा आवडणारी एखादी बाई त्या फडताळासमोर उभी आहे. तिने काय करायचं? पुस्तक उचलायचं, तर लोक बघतात. नाही उचलायचं, तर वाचायचं काय?

१९७९ साली मिनेसोटातल्या बेथनी हाउसने याचं उत्तर दिलं. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’. कथा साधी आहे. पश्चिमेकडे निघालेल्या तांड्यातली मार्टी ही तरुणी गरोदर असताना विधवा होते. क्लार्क नावाचा विधुर तिला विचारतो : माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तुला छप्पर हवं आहे, आपण लग्न करू. आणि वसंत ऋतूत तुला माघारी जावंसं वाटलं, तर तुझ्या प्रवासाचं भाडं मी देईन. म्हणजे वुडिविसच्या कथेत जिथे जबरदस्ती आहे, तिथे इथे दरवाजा उघडा ठेवलेला आहे. जायचं असेल तर जा. प्रेम सावकाश येतं, ते नावातच सांगितलं आहे.

अशा कथेला कसलं मुखपृष्ठ शोभेल? या पुस्तकांच्या पाठोपाठ जो साचा तयार झाला, तो क्लिंचला दिलेलं कलमी उत्तरच होता. भरपूर आकाश. गवताळ माळ, लांबवर एखादं लाकडी घर. नायिका एकटी, किंवा नायक शेजारी असला तरी दोघांच्या मध्ये जागा. झग्याचा गळा बंद. या मोकळ्या जागेकडे नीट बघा. ती रिकामी नाही. एका मुखपृष्ठावर मिठी, दुसऱ्यावर अंतर, आणि दोन्ही मिळून एकच वाद घालताहेत : प्रेम म्हणजे काय?

आणि हे मुखपृष्ठ केवळ वाचणारीशी बोलत नव्हतं. ही पुस्तकं मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकली जायची. अशा दुकानदारांची राष्ट्रीय संघटना १९५० पासून होती. दुकानदार पुस्तक मांडण्याआधी विचार करायचा की उद्या पाळक आत आला तर काय म्हणेल, एखादी आई मुलीसाठी पुस्तक घ्यायला आली तर काय म्हणेल. प्रकाशनात मुखपृष्ठ पुस्तकाच्या कित्येक महिने आधी तयार होतं, कारण आगामी पुस्तकांच्या यादीत ते छापायचं असतं आणि दुकानदार त्यावरून मागणी नोंदवतो. तेव्हा मजकूर कोणी वाचलेला नसतो. म्हणून मी म्हणतो, मुखपृष्ठ हे दिलेलं वचन असतं. पुस्तक येण्याआधी ते येतं, आणि पुस्तकाला मग ते पाळावं लागतं.

बाजार मोठा होत गेला. कॅनडाची हार्लेक्विन ही प्रेमकथांची बलाढ्य कंपनी. तिने १९९७ साली ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही मालिका सुरू केली. त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या. फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’, जी १९९१ साली एका सर्वसाधारण प्रकाशनाने काढली होती, ती सुधारून एका ख्रिस्ती प्रकाशनाकडून पुन्हा आली. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली नायिका, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीचा काळ, आणि बायबलमधल्या होशेयाच्या कथेचा आधार. म्हणजे सोज्ज्वळ मुखपृष्ठाचा अर्थ ‘आत काही वाईट घडत नाही’ असा नव्हता. आत भयंकर घडतं. वचन एवढंच, की ते आम्ही तुम्हाला चवीने चघळायला देणार नाही.

आणि १९९७ ची दुसरी गोष्ट म्हणजे बेव्हर्ली लुइस यांची ‘द शनिंग’. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात राहणाऱ्या आमिश लोकांची कथा. घोडागाडी, साधे कपडे, घरात विजेची जोडणी नाही, असं जगणारा हा समाज. या पुस्तकानंतर मुखपृष्ठावर एक नवी नायिका येऊन उभी राहिली : डोक्यावर पांढरी टोपी घातलेली, नजर खाली झुकलेली, मागे हिरवं शेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत अशा कादंबऱ्यांचा पूर आला. प्रकाशन व्यवसायात त्यांना थट्टेने ‘बॉनेट’ पुस्तकं म्हणू लागले. व्हॅलरी वीव्हर-झर्चर यांनी २०१३ साली या लाटेवर एक चांगला अभ्यासग्रंथ लिहिला आहे, ‘थ्रिल ऑफ द चेस्ट’. शक्य झालं तर जरूर बघा.

इथे मात्र थांबून एक प्रश्न विचारायला हवा. जुन्या वळणाचे आमिश लोक छायाचित्रासाठी उभे राहत नाहीत. मूर्ती करू नये ही बायबलमधली आज्ञा, आणि स्वतःला मिरवू नये हा त्यांच्या जगण्याचा दंडक, दोन्ही त्यामागे आहेत. मग मुखपृष्ठावरची ती मुलगी कोण? मॉडेल. भाड्याने आणलेला पोशाख, चेहऱ्यावर हलका मेकअप. आमिश बायकांची टोपी वस्तीनुसार बदलते. लँकेस्टरची मागून बदामाच्या आकाराची, मध्य-पश्चिमेकडची वेगळ्या घडीची. जाणकार माणूस टोपी बघून गाव ओळखतो. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मात्र टोपी ती टोपीच. म्हणजे साधेपणा विकण्यासाठी त्या साधेपणाचाच एक नियम मोडला गेला. वाचणारीला दिलेलं वचन पाळलं गेलं असेल, पण जिचं चित्र म्हणून ते छापलं, तिला कोणी विचारलं?

हा प्रश्न पुढे जास्त जड होत जातो. २०१५ साली अमेरिकेतल्या प्रेमकथाकारांच्या संघटनेच्या मानाच्या पुरस्कारासाठी केट ब्रेस्लिन यांची ‘फॉर सच अ टाइम’ ही कादंबरी अंतिम यादीत आली. नायिका यहुदी, नायक थेरेजिएनश्टाट छळछावणीचा नाझी प्रमुख. कथेत नायकाचं हृदयपरिवर्तन होतं आणि नायिकाही ख्रिस्ती श्रद्धेकडे वळते. यहुदी वाचकांनी आणि लेखिकांनी विचारलं : ज्यांचे लोक मारले गेले, त्यांची श्रद्धाही सुखान्तासाठी द्यायची का?

मग २०२१. संघटनेने पुरस्काराचं नाव बदलून ‘व्हिव्हियन’ ठेवलं होतं, व्हिव्हियन स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय संपादिकेवरून. १९८० साली संघटना स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आधीचा पुरस्कार एखाद्या कृष्णवर्णीय लेखिकेला मिळायला २०१९ साल उजाडावं लागलं होतं, म्हणून हा बदल. आणि नव्या नावाच्या पहिल्याच वर्षी धार्मिक विभागात निवडली गेली कॅरन विटमायर यांची ‘ॲट लव्ह्ज कमांड’. या कादंबरीचा नायक घोडदळातला अधिकारी. १८९० च्या डिसेंबरात वून्डेड नी इथे लकोटा लोकांचं जे हत्याकांड झालं, त्यात तो असतो. बायका-मुलं धरून शेकडो माणसं तिथे मारली गेली. नायकाला पश्चात्ताप होतो, तो नोकरी सोडतो, पुढे त्याला प्रेम मिळतं. टीका एवढी झाली, की संघटनेने काही दिवसांतच पुरस्कार मागे घेतला.

दोन्ही बाजू ऐका. समर्थक म्हणाले, या साहित्यप्रकाराचा गाभाच हा आहे की कितीही मोठा पापी असला तरी त्याला क्षमा आहे. नायक केलेल्याचं समर्थन करत नाही, तो पस्तावतो. टीकाकार म्हणाले, ठीक आहे, पण क्षमा करणार कोण? ज्यांनी भोगलं, ते तर पहिल्या प्रकरणानंतर कथेत उरलेच नाहीत. मला स्वतःला हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही. श्रद्धेवर माझा आक्षेप नाही. पण कोणाच्या तरी मरणाचा उपयोग दुसऱ्याच्या सुधारणेची पहिली पायरी म्हणून होत असेल, तर ती हिशेबातली चूक आहे, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून ती दाखवणं माझं काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? एक खरा दुवा आहे. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. पहिली मराठी कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पदमनजी बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात, वाटेत विधवांचे हाल बघतात. मग नवरा वारतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. श्रद्धा आणि विवाह, दोन्ही धागे एकत्र. मार्टी आणि यमुना, दोघीही विधवा, दोघींचंही दुसरं लग्न, आणि मध्ये सव्वाशे वर्षं आणि दोन महासागर.

पण फरक बघा. यमुनेच्या कथेला मुखपृष्ठावरच्या सुंदर चेहऱ्याचा आधार नव्हता. वचन देण्याचं काम पुस्तकाच्या लांबलचक नावाने केलं : ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. त्या ‘अथवा’मध्ये सगळं आलं. लेखक आधीच सांगतो की ही एकट्या यमुनेची गोष्ट नाही. त्याच्या धर्मप्रचाराशी तुमचं जमो न जमो, ज्यांनी सोसलं त्यांना त्याने नावातच जागा दिली.

म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. आगामी पुस्तकाचं मुखपृष्ठ आता दुकानात नाही, मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढं दिसतं. तरी त्याचं काम बदललेलं नाही. ते समोर आलं की तीन गोष्टी विचारा. हे वचन कोणाला दिलं आहे? दोन माणसांमधली मोकळी जागा काय सांगते? आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : या चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं चित्रकार देतो. तिसऱ्याचं आपल्यालाच शोधावं लागतं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.